साठ मशीन आणि एक पातळ पाकीट

९ जानेवारी

ती. मामास,

वाकून नमस्कार. पाठ धरली आहे म्हणून अर्धाच वाकते, उरलेला भेटल्यावर करीन.

आणि भेटीबद्दलच लिहायचं आहे. सुट्टीत नक्की येते म्हणाले होते, तिकीट काढलं होतं, आणि आले नाही. आईने तुला फोनवर "तिचं ऑफिसचं काहीतरी निघालं" एवढंच सांगितलं आणि तू "बरंय, ठेवतो" म्हणून ठेवलास. फोनवर तू दोन मिनिटांचा माणूस आणि कागदावर चार पानांचा, म्हणून कागदावर सांगते.

आमची कंपनी कॉम्प्युटर भाड्याने देते, हे तुला माहीत आहे. एका गार खोलीत चारशे बारा मशीन कपाटांत रचून ठेवली आहेत आणि एकेका मशीनमध्ये सात-आठ भाडेकरू राहतात. एका मोठ्या हॉस्पिटलच्या रुग्णांचे सगळे कागद आमच्याकडे असतात. त्यांच्या शेजारी त्याच मशीनमध्ये पत्त्यांचा खेळ चालवणारे असतात, बूट विकणारे असतात, आणि पुढच्या आठवड्यात कोण राहायला येईल ते आम्हालाही ठाऊक नसतं. या भाडेकरूंना एकमेकांच्या खोलीत डोकावू न देणं हे कर्नलचं काम. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणी कुठे बसायचं आणि कोणी काय वाचायचं हे तो ठरवतो. त्याची देखभाल मी करते.

गेल्या महिन्यात जाहीर झालं की प्रोसेसरमध्ये, म्हणजे मशीनच्या मेंदूतच, खोट आहे. प्राणी फार उतावळा. पुढचं काम सांगायच्या आधीच तो अंदाज बांधतो आणि करून मोकळा होतो. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचला. चुकला तर केलेलं सगळं गुपचूप मागे घेतो, जणू काही झालंच नाही. पण त्या गडबडीत कपाटातून काढलेला कागद टेबलावरच राहतो. शेजारच्या भाडेकरूला तो कागद दिसत नाही, पण एखादी वस्तू मागितली की ती किती वेळात येते हे त्याला मोजता येतं. चटकन आली म्हणजे टेबलावर होती, उशिरा आली म्हणजे कपाटातून आणावी लागली. असं मोजत बसलं की एकेक अक्षर जुळत जातं आणि हॉस्पिटलातल्या कुणाच्या तरी रक्ताचा रिपोर्ट पत्तेवाल्यांच्या हाती लागतो. दार फुटत नाही, कुलूप हलत नाही.

मेंदू बदलता येत नाही, म्हणून कर्नलला ठिगळ लावायचं. गाभ्यात शिरताना आणि बाहेर पडताना दर वेळी टेबल पुसायचं, मधलं दार लावायचं. माझी सुट्टी चारशे बारा ठिगळं लावण्यात गेली. आता मशीन सुरक्षित झाली आहेत आणि हळू झाली आहेत, कारण दर वेळी टेबल पुसायला वेळ लागतो. यावर आमचे साहेब नाराज आहेत. त्यांच्या प्रत्येक वाक्यात एकदा तरी वेग येतो, म्हणून आम्ही त्यांना वेगसाहेब म्हणतो. त्यांनी मला बोलावून विचारलं की हे ठिगळ जरा पातळ कापडाचं मिळेल का.

आई म्हणते, तुझी आरामखुर्ची तिच्या गुडघ्यांना बरी पडेल.

तुझी भाची


१७ जानेवारी

चि. ठिगळवालीस,

आशीर्वाद पूर्ण, अर्धा नाही. पाठ सांभाळ.

एवढ्याशा खोटीचा केवढा बोभाटा. तुझा तो प्रोसेसर मला मनापासून आवडला. आमच्याच जातकुळीतला दिसतो. मी पस्तीस वर्षं टपाल छाननीच्या टेबलावर दुसरं काय केलं? पाकीट न उघडता आतला मजकूर सांगायचो. औषधाच्या दुकानदाराला दर गुरुवारी निळ्या शाईतलं पत्र यायचं. सहा महिने आलं, मग दोन गुरुवार आलं नाही, आणि तिसऱ्या गुरुवारी त्याचीच सगळी पत्रं एका गठ्ठ्यात परत आली. ती त्याच्या हातात पडायच्या आधीच मी त्याला माझ्या घरी जेवायला बोलावलं होतं. शिंप्याला रस्त्यात गाठून विचारलं, मुलगा नापास झाला का, तर तो चकितच झाला, कारण पाकीट अजून माझ्याच टेबलावर होतं.

शास्त्र सोपं आहे. जाड पाकीट म्हणजे होकार, पातळ म्हणजे नकार. ज्याला माणूस घ्यायचा असतो तो सोबत फॉर्म पाठवतो, अटी पाठवतो, नकाशासुद्धा पाठवतो. नको असतो तो चार ओळींत उरकतो. माझा अंदाज सहसा चुकला नाही. फार तर एकदा.

आणि तू अशा हुशार प्राण्याच्या डोळ्यांवर झापडं बांधतेस, तीही चारशे बारा जणांच्या. बिचाऱ्याने पुढचं ओळखून काम केलं तर त्याला शिक्षा, आणि सांगेपर्यंत ढिम्म बसला तर शाबासकी. हे सरकारी ऑफिसात मी पाहिलं होतं, आता यंत्रांतही आणलंत.

खुर्ची उद्या पाठवतो. तुझ्या आईला नाही म्हणायचं धाडस मला या जन्मी झालेलं नाही, आता या वयात कुठून आणू?

मामा


२ फेब्रुवारी

ती. मामास,

नमस्कार, या वेळी पाऊण. पाठ सुधारते आहे, बाकी सगळं बिघडतं आहे.

आधी करमणूक. मशीन हळू झाल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा वेगसाहेबांनी पाच जणांची समिती नेमली. समिती तीन दिवस बसली आणि तिने ठरवलं की यापुढे कुणीही "हळू" म्हणायचं नाही, "सुरक्षित वेग" म्हणायचं. जेवणघरात तसा फलकही लागला आहे, त्यावर एक हसणारं कासव आहे. कासवाचं चित्र कुणी सुचवलं ते आता कुणीच कबूल करत नाही.

मग अचानक तक्रारी थांबल्या. साहेब खूश झाले, मी चक्रावले. ठिगळ तर तेच होतं. म्हणून मी एक दिवस प्रत्येक मशीनला एकच प्रश्न विचारत बसले आणि उत्तराला किती वेळ लागतो ते मोजलं. तीनशे बावन्न मशीननी हवा तेवढा वेळ घेतला. साठ मशीन मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी. इतकी चटपटीत की संशय यावा.

मशीन सुरू होताना एक ओळ वाचते, त्यात तिच्यासाठी सूचना असतात. या साठ मशीनच्या ओळीत शेवटी कुणीतरी एक शब्द घातला आहे, ज्याचा अर्थ "सगळे पहारे बंद". म्हणजे ठिगळ लावलेलं आहे आणि गाढ झोपलं आहे. हॉस्पिटलचे कागद याच साठांत आहेत, कारण सगळ्यात मोठ्याने ओरडणारा भाडेकरू तोच होता. शब्द घालायचा हुकूम साहेबांचा. हे त्यांनी सहज सांगितलं, दिवे मालवल्याचं सांगावं तसं.

आता माझी शोभा ऐक. ठिगळ लागलं की नाही हे तपासणारा प्रोग्रॅम मी लिहिला. तो मशीनला फक्त विचारतो की तुझ्या कर्नलचा क्रमांक काय. क्रमांक नवा असला की हिरवी खूण. ठिगळ जागं आहे का, हे तो विचारतच नाही, कारण स्वतः लावलेलं ठिगळ कुणी झोपवील हे मला सुचलंच नाही. चारशे बारा हिरव्या खुणा रोज सकाळी साहेबांच्या पडद्यावर झळकतात, आणि त्या माझ्या हातच्या आहेत.

हॉस्पिटलला ३१ मार्चच्या आत दाखला द्यायचा आहे. मूळ मजकूर असा: "सर्व मशीनवर दुरुस्ती बसवली आहे व चालू आहे." साहेबांनी "व चालू आहे" एवढंच खोडलं आणि म्हणाले, "बसवली आहे हे तर खरं आहे ना? मग सही करायला तुला काय होतंय?" सही कर्नल सांभाळणाऱ्याची लागते, म्हणजे माझी. सही केली तर एप्रिलपासून मी विभागाची प्रमुख. नाही केली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, नुसते खिडकीबाहेर बघत राहिले.

खुर्ची पोचली. आई त्यात बसूनच असते. ती म्हणते, खुर्चीशेजारचा उभा दिवा राहिला वाटतं.

भाची


९ फेब्रुवारी

चि. ठिगळवालीस,

आशीर्वाद. दिवा बांधून पाठवला आहे, काच जपून सोडव. मी आता पलंगावर बसून खिडकीच्या उजेडात लिहितो, त्यामुळे अक्षर असं आलं आहे.

सही कर आणि घरी जा.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला समजेना की एवढा घोळ कशाचा. साहेबाने लिहिलेलं वाक्य खरं आहे. तुझी सही खरी आहे. जे लिहिलंच नाही त्याची सही तू करत नाहीस. आमच्या नोंदवहीत रोज संध्याकाळी लिहायचं असे, "आजचं सर्व टपाल वाटपाला गेलं, शिल्लक नाही," आणि खाली सही. पस्तीस वर्षं केली. कधी एखादं पाकीट टेबलामागे पडलेलं दुसऱ्या दिवशी सापडे, तेव्हा कुणी वही उघडून रडत बसलं नाही. सहीला जग जेवढं विचारतं त्यापेक्षा तूच जास्त विचारतेस.

आणि कोण येणार आहे तुझ्या हॉस्पिटलात घड्याळ लावून बसायला? लोकांना स्वतःचे रिपोर्ट वाचायला वेळ नाही. तू प्रमुख हो. तुझ्या आईला किती बरं वाटेल. तिच्या वाट्याला असं काही यायला हवं होतं, ते राहून गेलं. निदान तुझ्या रूपाने तरी होऊ दे.

मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार नाही, मी रागावले आहे.

तू सगळ्यांना फटकारतोस, ऑफिसला, सरकारला, मला. आणि वेगसाहेबांचं वाक्य मात्र तुला पटलं. मला वाटलं होतं तू त्यांची अशी खेचशील की मी ते पत्र जेवणघरात त्या कासवाखाली लावीन. त्याऐवजी तू त्यांचीच री ओढलीस. तुझ्या पत्राखाली त्यांची सही असती तरी फरक पडला नसता.

कोण येणार घड्याळ लावून बसायला, हे मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ते कागद माझे नाहीत. ज्यांचे आहेत त्यांना वाटतं की मध्ये दार आहे. मी सही केली की दार आहे असं मी त्यांना सांगितलं, आणि मी स्वतः ते उघडं पाहिलेलं आहे.

आणखी एक. जानेवारीतल्या पत्रात तू लिहिलंस की अंदाज सहसा चुकला नाही, फार तर एकदा. मी तुझी भाची आहे, पत्र दोनदा वाचते. तो एकदा कधी? आणि त्या दिवशी संध्याकाळी तू वहीत काय लिहिलंस?

भाची


८ मार्च

ती. मामास,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. रागावलास तर रागावल्याचं लिही. आई रोज दार उघडून पत्रपेटी बघते आणि मला विचारते, "तू त्याला काय लिहिलंस?" मी काही सांगितलं नाही. ती म्हणाली, पंचवीस वर्षांत त्याचा असा खाडा पडलेला नाही, काहीतरी त्याच्या पोटात आहे आणि ते बाहेर येत नाही. तिला तू फोनवर ठणठणीत वाटलास, म्हणजे आजार नाही.

दाखल्याला तेवीस दिवस उरले. साहेबांनी माझ्या टेबलावर नवीन पेन आणून ठेवलं आहे.

भाची


२१ मार्च

चि. भाचीस,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे. घरी पाठवलं असतं तर तुझ्या आईने पाकीट हातात घेऊन तोलून पाहिलं असतं. तीही माझीच बहीण.

तू विचारलंस म्हणून सांगतो. अडतीस वर्षं कुणी विचारलं नाही, त्याबद्दल मी आभारीच होतो.

तुझी आई तेव्हा माझ्यापेक्षा शिकलेली आणि माझ्यापेक्षा हुशार होती. दूरच्या गावात हवामान मोजणारी प्रयोगशाळा होती, तिथे तिने अर्ज केला होता. मुलाखत देऊन आली आणि दोन महिने वाट बघत होती. त्याच वेळी तुझ्या बाबांनी तिला मागणी घातली. तिने त्यांना सांगितलं होतं की एका महिन्यात उत्तर देते. माणूस चांगला होता, पण नोकरी मिळाली तर ती जाणार, हे तिला आणि मला ठाऊक होतं. मी रोज कामावरून आलो की ती दारात विचारायची, "दादा, माझं काही आलं का?" मी बूट काढायचो, पाणी प्यायचो, पिशवीत उगाच हात घालायचो आणि मग म्हणायचो, नाही गं.

महिना संपायला एक दिवस असताना पाकीट आलं. माझ्याच टेबलावर आलं. प्रयोगशाळेचा शिक्का, साधं टपाल, आणि पातळ. एवढं पातळ की दिव्याला धरलं तर बोटं दिसावीत. मी ओळखलं, नकार. उद्या तिला तुझ्या बाबांना उत्तर द्यायचं, आणि आज हे हातात द्यायचं? मला वाटलं, रडत रडत होकार देण्यापेक्षा तिने आधी हसत द्यावा. पाकीट दोन दिवसांनी देऊ, नकार कुठे पळून जातो? खिशात घातलं. घरी गेलो आणि नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने तुझ्या बाबांना होकार दिला. मी माझ्यावरच खूश होतो.

दोन दिवसांनी द्यायला काढलं, तर धीर होईना. आधी आपण बघू, तिला समजावायला बरं पडेल, म्हणून उघडलं. आयुष्यात दुसऱ्याचं उघडलेलं ते एकच पत्र. चारच ओळी होत्या. पंधरा दिवसांत रुजू व्हा, फॉर्म इथे आल्यावर मिळतील.

मी काय करायला हवं होतं ते तुला सांगायला नको. मी रोज ठरवायचो की आज देतो. घरात लग्नासाठी शिवणयंत्र आलं, कापडं आली, पाहुणे आले. पंधरा दिवस असेच गेले, आणि सोळाव्या दिवशी ते पत्र कुणालाही देऊन उपयोग नव्हता. ज्या दिवशी खिशात घातलं त्या दिवशीच्या वहीत लिहिलं आहे, "सर्व टपाल वाटपाला गेलं, शिल्लक नाही." खाली माझी सही, नेहमीपेक्षा जरा मोठी.

तुझ्या प्रोसेसरला निदान चुकलेला अंदाज मागे घेता येतो. मला तेवढंही जमलं नाही. तू म्हणशील, नाहीतर मी जन्मालाच आले नसते. ते मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की तू सांगू नकोस. तुझ्या आईचं काय गेलं, ते मी तुझ्याकडे बघून भरून काढत आलो. ती घरात हिशेब तपासायची, खिडकीत थर्मामीटर लावून रोजचा आकडा लिहायची. ते मी बघायचो आणि तिने जे मागितलं ते द्यायचो. आजोबांचं कपाट दिलं, खिडकीकडची खोली दिली, रेडिओ दिला. खुर्ची आणि दिवा तुझ्या देखत गेले.

म्हणून म्हणतो, सही करू नकोस. मी तुला कर म्हणालो, कारण तू केली नाहीस तर मला माझी सही आठवते. तू कर, म्हणजे आपण दोघं सारखे होऊ, एवढाच माझा हेतू होता. हे लिहायला मला पाच आठवडे लागले.

सोबत ते पत्र आहे. आईला द्यायचं की नाही ते तू ठरव. मला धीर नाही.

मामा


४ एप्रिल

ती. मामास,

नमस्कार, पूर्ण.

आधी दाखला. ३० मार्चला साहेबांनी मला खोलीत बोलावलं. हॉस्पिटलची कागदपत्रं बघणारी बाई समोर बसली होती. मी त्यांच्याच नवीन पेनाने सही केली. पण सहीच्या वर, उरलेल्या जागेत लिहिलं, "बसवली आहे, पण साठ मशीनवर बंद ठेवली आहे. आपले कागद त्यांतच आहेत." बाईंनी वाचलं आणि कागद साहेबांपुढे सरकवला. साहेब म्हणाले की हे जरा तांत्रिक आहे. बाई म्हणाल्या, "बंद म्हणजे काय ते मला कळतं."

दुपारपर्यंत साठही ओळींतून तो शब्द निघाला होता. मी पुन्हा मोजलं, सगळी मशीन हवा तेवढा वेळ घेत आहेत. तपासणारा प्रोग्रॅमही बदलला, आता तो ठिगळ जागं आहे का ते विचारतो. मी विभागाची प्रमुख झाले नाही. मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं आहे. मशीन हळू झाली म्हणून लोक फोन करतात आणि मी त्यांना सांगते की हळू मीच केली. साहेबांना वाटतं ही शिक्षा आहे. कासवाचा फलक मात्र त्यांनी माझ्या टेबलामागे आणून लावला, हे मान्य करायला हवं की त्यांना थोडी विनोदबुद्धी आहे.

आता तू सोबत पाठवलेलं ते जुनं पत्र. मी ते आठ दिवस बॅगेत घेऊन फिरले. तुझ्यासारखंच चाललं होतं माझं, आज देते, उद्या देते. नवव्या दिवशी माझी मलाच भीती वाटली आणि मी घरात शिरताच बूट न काढता ते आईच्या हातात दिलं. ती तुझ्या खुर्चीत, तुझ्या दिव्याखाली बसली होती. बाबा आत पेपर मोठ्याने वाचत होते, आपल्याला कुणी ऐकत नाही हे माहीत असलेल्या माणसासारखे.

तिने पाकीट हातात तोललं आणि म्हणाली, "पाठवलं का शेवटी."

मग तिने चार ओळी वाचल्या, तारीख वाचली. डोळे पुसले, पण माझ्यासमोर नाही, तोंड फिरवून. मी तिला विचारलं की तुला कसं माहीत. ती म्हणाली, कागद दे, त्यालाच लिहिते. खालचं अक्षर तिचं आहे. मी वाचलं नाही म्हणणार होते, पण आपल्या घरात खोट्या सह्या पुरे झाल्या. वाचलं.

भाची


दादा,

दोन महिने मी तुला दारात विचारत होते. तू बूट काढायचास, पाणी प्यायचास, पिशवीत हात घालायचास, मग नाही म्हणायचास. त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आधीच तू नाही म्हणालास, तेही बूट पायात असताना. मी तेव्हाच ओळखलं की पत्र तुझ्या खिशात आहे. काय लिहिलंय ते नव्हतं कळलं, आहे एवढं कळलं.

पंधरा दिवस मी वाट बघितली की तू देशील. दिलं असतंस तर दहाव्या दिवसापर्यंत मी गेले असते. त्यानंतरचं सांगता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मी मागितलंही नाही. मागितलं असतं तर तू लगेच काढून दिलं असतंस आणि मग मला ठरवावं लागलं असतं, तो की ते. तुझ्या खिशात होतं तोवर ठरवायचं काम तुझं होतं. म्हणून अर्धा दोष माझा. अर्धाच, पुढे जाऊ नकोस.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी कपाट, खोली, रेडिओ, खुर्ची आणि दिवा घेतला. तू कशालाच नाही म्हणत नव्हतास, आणि का ते मला माहीत होतं. इतकं छान चाललेलं मी कशाला मोडू? आता कबूल केलंस म्हणून सगळं फिटलं असं समजू नकोस. पलंगाजवळची ती लहान तिवई माझ्या मनात आहे.

पण चिडले होते, दादा. थर्मामीटर लावायची तेव्हा रोज चिडायची. हे तुला एकदा सांगायचं होतं, ते आज सांगितलं.

पुढच्या महिन्यात आम्ही येतोय, पोर सुट्टीचं तिकीट काढते आहे. तोवर माझ्या नावाचं तिकडे काही आलं तर जाड असो की पातळ, तसंच पाठव. अंदाज माझा मी करीन.

तुझी बहीण